देठ हिरवा राहावा म्हणून

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रॉटरडॅमच्या बंदरात भारतातून आलेल्या द्राक्षांची पेटी उघडली, की तिथला तपासनीस आधी मणी तोंडात टाकत नाही. तो घड उचलतो आणि देठाकडे पाहतो. देठ हिरवा असेल तर पुढची तपासणी. देठ तपकिरी पडला असेल तर मणी कितीही गोड असोत, त्या पेटीचा भाव तिथेच उतरतो. द्राक्षाच्या मण्याला सालीचे संरक्षण असते, देठाला ते नसते. घडातले पाणी आधी देठातून उडते. म्हणून माल वाटेत कसा सांभाळला गेला, याचा हिशेब देठावर लिहिलेला असतो आणि तो खोडता येत नाही.

आज आपल्याला फळांच्या पुरवठा साखळीविषयी बोलायचे आहे. हा शब्द अलीकडे फार वापरला जातो. शेतातून ग्राहकाच्या ताटापर्यंत माल पोचेपर्यंत जितके हात त्याला लागतात, जितक्या गाड्या, खोल्या आणि कागद लागतात, ते सगळे मिळून ही साखळी होते. सगळ्या फळांविषयी एकदम बोलण्यापेक्षा एकच फळ घेऊ. महाराष्ट्राने या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवणी ज्या फळाकडून घेतली आणि सगळ्यात महाग फीही ज्याला भरली, ते द्राक्ष.

द्राक्षाचा एक स्वभाव सुरुवातीलाच लक्षात घ्यावा लागतो. हापूस आंबा आपण झाडावरून हिरवा उतरवतो, पेंढ्यात आढी लावतो आणि तो आठ-दहा दिवसांत पिकतो. केळी, चिकू यांचेही तसेच. द्राक्ष मात्र वेलीवरून तोडल्यावर पिकत नाही. तोडताना त्यात जेवढी साखर असेल तेवढीच. त्यानंतर ती वाढायची नाही. आंबट घड घरात आठवडाभर ठेवला तर तो सुकलेला आंबट घड होईल. तेव्हा द्राक्षाच्या बाबतीत पुढची सगळी धडपड असते ती झीज लांबवण्याची. कात्री चालली त्या क्षणापासून घड्याळ सुरू झाले.

आपल्याकडचे द्राक्षशेतीचे संघटन जुने आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा. अनाबेशाही आणि भोकरी यांच्या मागून थॉमसन सीडलेस आले आणि मग शेतकऱ्यांच्याच बागांतून निवडीने नवे वाण पुढे आले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजचे सोनाका. हे प्रयोगशाळेत जन्मलेले नाहीत. बागेत फिरताना एका वेलीचे मणी वेगळे दिसले, ती वेल शेतकऱ्याने ओळखली आणि जपली. माल उत्तम पिकवण्याची विद्या आपल्याकडे अशी खूप आधी आली. माल पोचवण्याची विद्या यायला मात्र १९९१ साल उजाडले. त्या वर्षी द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही निर्यात करणारी संस्था उभी केली. पणन मंडळ, राष्ट्रीय सहकार विकास निगम, अपेडा असे सरकारी आधार तिला होते. सुरुवातीच्या वर्षांत युरोपात पाठवलेला काही माल नाकारला गेला. गोडीत तो कमी नव्हता. थंड ठेवण्याची पद्धत आणि पेटीची बांधणी आपल्याला ठाऊक नव्हती.

ती पद्धत काय, हे जरा सावकाश पाहू, कारण साखळीचे खरे मर्म तिथे आहे.

मार्च महिना धरा. दुपारी निफाडच्या बागेत पारा पस्तिशीच्या आसपास. त्या वेळी तोडलेल्या मण्याच्या गराचे तापमानही जवळपास तेवढेच असते. फळ तोडले तरी जिवंत असते, श्वास घेत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा श्वास दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो. म्हणून निर्यातीची तोडणी पहाटेपासून सकाळी ऊन चढेपर्यंत करतात. घड फक्त देठाला धरायचा. मण्यांवर जी पांढरी धुरकट लव असते ती बोट लागले की पुसली जाते आणि घड शिळा दिसू लागतो. क्रेट सावलीत, तिथून लगेच पॅकहाऊसमध्ये. तिथे बायका ओळीने बसलेल्या असतात. बारीक टोकाच्या कात्रीने फुटका, लहान, डागी मणी काढून टाकणे हे त्यांचे काम. दिवसभर हे काम करायला जी नजर आणि जो हलका हात लागतो, त्याची मजुरी आपण अजूनही ‘अकुशल’ या सदरात मोजतो, हे मला कधी पटलेले नाही.

भरलेल्या पेट्या मग पूर्वशीतकरणाच्या खोलीत जातात. बोलीत सगळे ‘प्रीकूलिंग’च म्हणतात. पेट्यांना भोके असतात. थंड हवा पंख्याने जोरात त्या भोकांतून ओढली जाते आणि सहा-आठ तासांत गराचे तापमान चार अंशांच्या खाली आणले जाते. तोडणीपासून इथवर यायला चार-सहा तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये, असा दंडक आहे. त्यानंतर शीतगृह, जिथे तापमान शून्याच्या आसपास आणि हवेत नव्वद टक्क्यांच्या वर ओलावा. हा ओलावा देठासाठी. कोरडी थंडी देठ सुकवते.

पण ओलावा म्हटला की बुरशी आली. त्यासाठी पेटीत घडांवर एक कागद ठेवलेला असतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू हळूहळू सुटतो आणि बुरशीला रोखतो. पेटीत पाणी साचले तर वायू एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. पहाटेचे दव वाळण्याआधी तोडणी करू नये, असे जाणते बागायतदार सांगतात, त्याचे एक कारण हे. म्हणजे ऊन चढण्याआधी तोडायचे आणि दव वाळल्यावर तोडायचे. या दोन्हींच्या मध्ये जो थोडका वेळ उरतो त्यात बाग उरकायची.

इथे एक गैरसमज फार आढळतो. शीतकंटेनर माल थंड करतो असे लोकांना वाटते. तो थंड करीत नाही, थंड झालेला माल थंड ठेवतो, एवढेच. त्यात गरम माल भरला तर तो समुद्रभर गरमच राहतो. म्हणून साखळीत पहिल्या सहा तासांत झालेली चूक पुढच्या पंचवीस दिवसांत कोणीही दुरुस्त करू शकत नाही. चूक निफाडला होते आणि दिसते रॉटरडॅमला.

थंडीचे शास्त्र आपण पाच-सात वर्षांत आत्मसात केले. त्यानंतर दुसरी परीक्षा आली, ती कागदाची.

युरोपातल्या मोठ्या दुकानदारांनी १९९७ साली ‘युरेपगॅप’ नावाची नियमावली सुरू केली. २००७ पासून तिचे नाव ‘ग्लोबलगॅप’ झाले. ती तिथल्या सरकारची नाही, दुकानदारांची आहे, पण मालाला त्यांच्याच दुकानात जायचे असल्याने ती पाळणे भागच पडते. फवारणीची तारीखवार नोंदवही हवी. औषधांच्या खोलीला कुलूप हवे. मजुरांसाठी शौचालय आणि हात धुवायला पाणी हवे. पहिल्यांदा हे ऐकून पुष्कळ शेतकरी हसले होते. परदेशातल्या गिऱ्हाइकाला माझ्या बागेतल्या शौचालयाशी काय करायचे आहे? पण त्या निमित्ताने का होईना, बागेत दिवसभर राबणाऱ्या बायांची सोय झाली. आपल्या कायद्यांनी आणि आपल्या लाजेने जे झाले नव्हते ते दुकानदाराच्या अटीने झाले.

औषधांच्या अंशांचा प्रश्न याहून कठीण. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि खळबळ उडाली. त्यानंतर अपेडाने उर्वरित अंशांच्या तपासणीची पक्की योजना आखली. निर्यातीची बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, तिला क्रमांक मिळतो. काढणीआधी प्रयोगशाळेची माणसे येऊन नमुना नेतात. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथली प्रयोगशाळा या कामी प्रमाण मानली जाते. पुढे ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आली. पेटीवरच्या क्रमांकावरून लंडनमधल्या दुकानात ठेवलेला डबा कोणत्या गावच्या, कोणत्या गटातल्या बागेतला, तिथे कशाची तपासणी झाली, हे शोधता येऊ लागले. शेतमालाच्या बाबतीत ही व्यवस्था देशात फार लवकर उभी राहिलेल्यांपैकी एक. आपल्याला तिचा अभिमान होता आणि तो रास्तही होता.

आणि तरीही २०१० साल आले.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची पालेवाढ आटोक्यात ठेवून काडीत फळधारणा चांगली व्हावी, म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे वाढनियंत्रक फवारण्याची आपल्याकडे वर्षानुवर्षांची रीत होती. शेतकरी त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. त्याची फवारणी काढणीच्या कितीतरी महिने आधी होते. म्हणून ते फळात येईल असे कोणाच्या मनात नव्हते. ज्या रसायनांची तपासणी आपल्या प्रयोगशाळा करीत होत्या, त्या यादीत ते नव्हतेच. त्या हंगामात युरोपात ते कोणीतरी तपासले आणि सापडले. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम.

हा आकडा म्हणजे किती, ते पाहा. एका मोठ्या कंटेनरमध्ये साधारण तेरा टन द्राक्षे जातात. या मर्यादेने त्या सगळ्या तेरा टनांत मिळून ते रसायन ६५० मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे एक ग्रॅमही नाही. त्याच्या वर गेले की कंटेनर अडला. आणि वेल हे रसायन लवकर मोडून टाकत नाही, लाकडात साठवते, हे आपल्याला त्या वर्षी कळले.

कंटेनर अडले. काही नाकारले गेले, काहींचा माल पडेल भावात गेला, काही बंदरात पडून खराब झाले. ज्यांच्या हातात नियमाप्रमाणे स्वच्छ प्रमाणपत्र होते, त्यांचेच हे नुकसान झाले, ही त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. शेतकऱ्याने विचारले, मी सांगितलेले सगळे केले, तपासणी झाली, शिक्का मिळाला, मग दोष कोणाचा? या प्रश्नाला सरळ उत्तर कोणीच दिले नाही. निर्यातदाराने आयातदाराकडे बोट दाखवले, यंत्रणांनी एकमेकींकडे. पुढच्या हंगामापासून सीसीसी यादीत आले, त्याची तपासणी सुरू झाली आणि त्याचा वापर निर्यातीच्या बागांतून गेला. शास्त्राच्या अंगाने प्रश्न सुटला. पैशाच्या अंगाने मात्र तो ज्यांच्या कर्जखात्यावर पडला, तिथेच राहिला.

असे का होते? याचे उत्तर सौद्याच्या पद्धतीत आहे. आपली बरीच द्राक्षे ‘कन्साइनमेंट’वर जातात. म्हणजे माल पाठवताना पक्का भाव ठरलेला नसतो. फार तर एक किमान रक्कम ठरते. तिकडे माल जितक्याला विकला जाईल त्यातून जहाजाचे भाडे, तिथले गोदाम, पुन्हा पेटी बांधायचा खर्च, आयातदाराचे कमिशन हे सगळे वजा होऊन जे उरेल ते परत येते. निर्यातदार त्यातून आपला खर्च वजा करतो. शेवटी उरते ते शेतकऱ्याचे. साखळीत जो सर्वांत शेवटी पैसे घेतो, धोका त्याच्याच वाट्याला येतो. आणि ज्याने सर्वांत आधी, ऑक्टोबरच्या छाटणीपासून, पैसे घातलेले असतात, तो हाच.

एवढे सगळे बोलून झाल्यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२३-२४ साली भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे निर्यात झाली, ३,४६० कोटी रुपयांची. त्यांत नाशिकचा वाटा सर्वांत मोठा. पण देशात पिकणाऱ्या एकूण द्राक्षांचा हा साधारण दहावा हिस्सा. उरलेले नऊ हिस्से आपणच खातो, नाहीतर त्यांचा बेदाणा होतो. त्या नऊ हिश्श्यांची साखळी कशी आहे?

ती आपल्या कोपऱ्यावरच्या हातगाडीपर्यंत येते. बागेत तीस-चाळीस रुपये किलो आणि गाडीवर साठ-सत्तर हे पाहून ‘मधले सगळे दलाल खातात’ असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. दलाल खातात हे खरेच आहे, पण हातगाडीवाल्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. समजा, त्याने शंभर किलो माल चाळीस रुपयांनी घेतला. चार हजार झाले. टेम्पो, हमाली, जागेचे पैसे, पिशव्या आणि त्याची दिवसभराची मजुरी मिळून आठशे धरा. आता त्या शंभरातले पंधरा किलो मणी गळून खाली पडले. सुटे मणी वीस रुपयांनी जातात, त्याचे तीनशे आले. पाच किलो फेकून द्यावे लागले. उरले ऐंशी किलो आणि त्यांतून काढायचे साडेचार हजार. म्हणजे किलोला छप्पन रुपयांच्या खाली त्याला परवडतच नाही आणि यात त्याचा नफा अजून धरलेला नाही. मधल्या फरकाचा मोठा भाग कोणाच्या खिशात जात नाही, तो गाडीखाली पडतो.

नासाडीविषयीही एक आकडा फार सैल तोंडाने सांगितला जातो, की आपल्याकडची तीस-चाळीस टक्के फळे वाया जातात. लुधियानाच्या ‘सिफेट’ या केंद्रीय संस्थेने देशभर पाहणी करून २०१५ साली जे मोजमाप दिले, त्यात फळांची नासाडी ६.७ ते १५.८८ टक्के अशी आहे आणि वरच्या टोकाला पेरू आहे. हाही आकडा लहान नाही. पण चाळीस टक्क्यांच्या नावाखाली मोठमोठी शीतगृहे मागितली जातात, आणि जिथे नासाडी खरोखर होते तिथे मात्र कोणी पाहत नाही. ती होते कोंबून भरलेल्या क्रेटमध्ये, उघड्या टेम्पोत, उन्हातल्या गाडीवर. चार चांगल्या सवयी आणि ओल्या गोणपाटाची सावली यांनी यातले पुष्कळ वाचेल.

घरच्या ग्राहकालाही इथे थोडे काम आहे. घड घेताना देठ पाहावा. तो हिरवा असावा आणि वाकवला तर लवावा. घड हलका झटकून पाहिला आणि मणी पडले तर समजावे, माल जुना आहे. मण्यांवरची पांढरी लव औषधाची आहे असे समजून घाबरणारे पुष्कळ आहेत. ती मण्याची स्वतःचीच असते आणि ती शाबूत असणे हे ताजेपणाचे लक्षण आहे. औषधाचे डाग असले तर ते ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतात. घरी आणल्यावर लगेच धुवून ठेवू नयेत, खाण्याआधी धुवाव्यात. ओला घड फ्रीजमध्येही लवकर बुरशी धरतो.

नाशिकची द्राक्षे ताजी विकली जाण्यावर उभी आहेत, तर सांगली-सोलापूरकडे आणखी एक वाट आहे, बेदाण्याची. तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या कोरड्या वाऱ्याने ही वाट दिली. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर उडते. मग शेडमधल्या जाळ्यांवर दोन-अडीच आठवडे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बाजारशास्त्राच्या दृष्टीने याचे मोल असे, की ताज्या द्राक्षाला नकार देण्याची ताकद शेतकऱ्याला मिळते. व्यापाऱ्याने भाव पाडला, तर माल शेडवर नेता येतो आणि बेदाणा शीतगृहात ठेवून चार महिने थांबता येते. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेतही बेदाणा घेतला जातो. मार्च २०२० मध्ये ऐन हंगामात टाळेबंदी आली, गाड्या थांबल्या, मजूर गावी गेले, तेव्हा हजारो टन द्राक्षे या एका वाटेनेच वाचली. अर्थात सगळ्यांनीच बेदाणा केला की पुढे बेदाण्याचा भाव पडतो. आणि सौद्यात नमुना म्हणून मूठ-मूठ बेदाणा उधळला जातो, त्याची तक्रार शेतकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. मुठीचा माल लहान वाटतो, पण तो प्रत्येक थप्पीला आणि प्रत्येक बोलीदाराच्या हातून जातो.

एकेकट्या दोन एकरवाल्याला पॅकहाऊस, शीतगृह आणि परदेशातला खरेदीदार परवडत नाही, हे उघड आहे. २००२ साली कंपनी कायद्यात बदल होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढण्याची सोय झाली. सहकारी संस्थेसारखे एका सभासदाला एकच मत, पण कारभार कंपनीचा. अशा हजारो कंपन्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच फक्त फलकावर आहेत. पण दिंडोरी तालुक्यात मोहाडीला ‘सह्याद्री’ने जे उभे केले ते पाहण्यासारखे आहे. द्राक्षाच्या निर्यातीपासून सुरुवात करून टोमॅटो, आंबा, प्रक्रिया आणि वाणांपर्यंत ती कंपनी गेली. वाण हा आता कळीचा मुद्दा आहे. थॉमसन जगाच्या बाजारात जुने झाले आहे, नव्या रंगीत आणि टणक वाणांवर परदेशी पैदासकारांचा हक्क आहे आणि ती लावायची तर रॉयल्टी भरावी लागते. एकट्या शेतकऱ्याशी अशा कंपन्या बोलणीही करीत नाहीत. गटाशी करतात.

टणक वाणांची गरज किती, ते २०२४ च्या हंगामाने दाखवले. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली. जिथे तीन-साडेतीन आठवडे लागत तिथे पाच आठवड्यांच्या वर गेले आणि भाडेही चढले. येमेनच्या किनाऱ्यावरच्या भांडणाचा परिणाम पिंपळगावच्या घडाच्या देठावर झाला.

आता राहिला देशी सौदा आणि त्यातली सर्वांत दुखरी बाब. बहुतेक द्राक्षे बाजार समितीत जातच नाहीत. व्यापारी बागेत येतो, माल पाहतो, किलोचा भाव सांगतो, थोडा इसार देतो. यालाच शिवार सौदा म्हणतात. त्याचीच मजुरांची टोळी येऊन माल तोडते. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मिळतात. विश्वास बसतो. नंतरच्या गाड्यांना धनादेश. हंगाम संपत आला की फोन लागत नाही आणि धनादेश बँकेतून परत येतो. नाशिक जिल्ह्यात हे इतक्यांदा घडले, की २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा तक्रारी एकत्र घेऊन खास मोहीम चालवली आणि पुष्कळांचे अडकलेले पैसे परत आले. पोलिसांना पणन खात्याचे काम करावे लागले, असेच म्हणायचे.

यात एक विचित्र पेच आहे. १९६३ च्या कायद्याने बाजार समित्या नियमाखाली आणल्या, त्या कालांतराने व्यापाऱ्यांच्या मुठीत गेल्या. आडत, हमाली, तोलाई, कडता कापून हातात पडणारी पट्टी आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश आला, तोही पुढच्या तारखेचा. म्हणून २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला समित्यांच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. पण समितीत निदान व्यापाऱ्याचा परवाना असतो, गाळा असतो, तक्रार घेऊन जायला एक दार असते. शिवारात यातले काहीच नाही. मोकळीक मिळाली, पण जामीनदार गेला. नवा जामीनदार कोण, याची तजवीज अजून नीट झालेली नाही.

ती होईपर्यंत द्राक्षबागायतदारांनी निदान कागद तरी करावा. साधा, दोन पानांचा. व्यापाऱ्याचे पूर्ण नाव, गावाकडचा पत्ता, ओळखपत्राची प्रत. भाव कोणत्या मालाचा, निवडून तोडलेल्या की सरसकट. वजन कोणाच्या काट्यावर. एकूण माल किती दिवसांत उचलायचा. पैसे गाडी हलण्याआधी की नंतर, आणि नंतर असतील तर किती दिवसांनी. इसार निदान एका गाडीच्या मालाएवढा असावा, म्हणजे शेवटची गाडी बुडाली तरी तेवढ्यावर भागते. आणि सौदा ठरल्यावर, तोड अर्धी झालेली असताना अवकाळी पाऊस आला आणि मणी तडकले, तर वेलीवर राहिलेला माल कोणाचा, हे सगळ्यांत वरच्या ओळीत लिहावे. भांडणे बहुतेक वेळा तिथेच सुरू होतात.